सांगलीचा पूर: गल्लीत आधी कोणाला हलवायचं, ही यादी कशी करावी?

कृष्णाकाठ

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फूट ९ इंचांवर गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फूट ६ इंच, जुलै २०२१ ला पुन्हा ५५ च्या आसपास. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडचा भाग आधी भरतो आणि मारुती चौकात पाणी कधी येतं, हे जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. म्हणजे पाणी कुठे येणार, हे कोडं राहिलेलं नाही.

तरी दर वेळी शेवटच्या बोटीत बसणारी माणसं साधारण त्याच प्रकारची असतात. एकटी राहणारी म्हातारी, अंथरुणाला खिळलेला माणूस आणि त्याची सेवा करणारी सून, दोन म्हशींचा मालक, रोजंदारीवर बाहेरगावी गेलेल्या माणसाची बायको-मुलं, सहा महिन्यांपूर्वी खोली घेतलेला परप्रांतीय भाडेकरू. शेजारचं घर त्याच उंचीवर असतं, पण ते लोक आदल्या दिवशी दुपारी चारचाकीतून मिरजेला पोहोचलेले असतात.

असुरक्षिततेचे अहवाल येतात तेव्हा प्रभागाला एक रंग मिळतो: लाल, केशरी, पिवळा. त्या रंगावरून बोट कुठल्या दारात न्यायची ते कळत नाही. माझा प्रस्ताव असा: घरटी दोन आकडे काढायचे. एक, हातात असलेले तास. दुसरा, त्या कुटुंबाला बाहेर पडायला लागणारे तास. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल त्या घरी आधी जायचं. वय, आजार, गरिबी, जनावरं, भाड्याची खोली, हे सगळं शेवटी तासांतच उतरतं.

पातळी मोजणं, प्रश्नावली, आजारी माणसं, जनावरं, वीज, पंचनामा, या प्रत्येकातलं कळणारी मंडळी इथे आहेत. कृपया नेमकं लिहा.

लेव्हलबुक

पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

उपग्रहावरून मिळणारे फुकटचे उंची-नकाशे यासाठी वापरू नका. त्यांची उभी चूक काही मीटरची असते आणि आपल्याला हवी आहे इंचांतली अचूकता. त्यापेक्षा भिंतीवरची २०१९ ची खूण हजारपट चांगली. ती ५७ फूट ६ इंचांची आहे हे माहीत आहे. उंबरठा त्या खुणेच्या किती खाली आहे ते मोजा आणि वजा करा. समजा ११ फूट ४ इंच खाली आहे, तर आयर्विनला ४६ फूट २ इंच झाले की पाणी उंबऱ्याला लागणार.

प्रत्येक घरावर खूण नसते. तेव्हा गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, १५ मीटर पुरते. खात्रीच्या खुणेपासून नळीने पातळी पुढच्या घरावर न्या. नळीत एकही बुडबुडा नको, आहे का ते दोन्ही टोकं शेजारी धरून आधी बघा, पाणी एका रेषेत यायला हवं. मोजताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले हवेत. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत असेल तरी फरक पडतो, म्हणून सकाळी काम करा. गल्लीचा फेरा मारून पुन्हा पहिल्या खुणेवर या. इंचाच्या आत जुळलं नाही तर सगळं परत.

आता मुख्य गोष्ट. उंबरठ्याची पातळी हा निर्णायक आकडा नसतो. गल्लीचं तोंड बहुधा घरापेक्षा खाली असतं. वरच्या उदाहरणातल्या घराची गल्ली ४३ फूट ८ इंचांना बंद होत असेल, तर त्या घराचा आकडा ४३-८ धरायचा, ४६-२ नाही. "अजून पायरीला पण नाही लागलं" म्हणत बसलेली कुटुंबं अशीच अडकतात. बाहेरच्या रस्त्यावरचा सगळ्यात खोल बिंदू शोधा, तिथे पातळी घ्या.

एक मर्यादा. नदीला उतार असतो, म्हणून एका टोकाची खूण दुसऱ्या टोकाला चालवू नका, प्रत्येक भागातली स्वतःची खूण घ्या. शक्य असेल तिथे २०२१ ची खूणही ताडून बघा. दोन्हींतला फरक अडीच फुटांच्या आसपास आला तर ठीक.

शेरीनाला

लेव्हलबुक यांच्या पद्धतीला एक जोड. पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येत नाही. नदी चढली की शेरीनाला आणि पावसाळी गटारं उलटी वाहतात आणि मागच्या गल्लीत चेंबरमधून पाणी वर येतं. पुढचा रस्ता कोरडा असतो, मागे गुडघाभर झालेलं असतं. म्हणून गल्लीतल्या सगळ्यात खालच्या चेंबरच्या झाकणाचीही पातळी घ्या. बहुतेक ठिकाणी तोच पहिला इशारा ठरतो. आणि हे मैलापाणी असतं, ते नदीच्या पाण्यापेक्षा वाईट.

तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं त्यावर उपाय: भांड्यात वाळूची पिशवी घट्ट दाबून बसवा. पिशवी जाड प्लॅस्टिकची, पाऊण भरलेली. गच्च भरली तर ती आकार घेत नाही आणि कडेने पाणी येतं.

आकडेमोड

धाग्याची कल्पना पटली, पण प्रभागाला रंग देणारा निर्देशांक अगदीच टाकाऊ नाही. तो कुठे चालतो आणि कुठे फसतो ते मांडते.

सुझन कटर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या काउंटींसाठी सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक मांडला. जनगणनेतले बरेच घटक घ्यायचे, एकमेकांशी जोडलेले घटक सांख्यिकी पद्धतीने थोड्या गठ्ठ्यांत बांधायचे, त्यांची बेरीज करायची. राज्यातल्या शंभर शहरांमध्ये पैसा कसा वाटायचा, अशा प्रश्नाला ही पद्धत ठीक आहे. एका शहरात, एका गल्लीसाठी ती तीन ठिकाणी मोडते.

पहिलं, आपल्याकडचा आधार २०११ ची जनगणना. त्यानंतर प्रभागांच्या हद्दी बदलल्या, वस्त्या वाढल्या आणि भाडेकरू तर दर वर्षी बदलतात.

दुसरं, सरासरी. एकाच प्रभागात बंगले आणि पत्र्याच्या खोल्या असतील तर प्रभाग "मध्यम" दिसतो. मध्यम असं तिथे एकही घर नसतं.

तिसरं, घटकांची दिशा. "घरात जास्त माणसं" हे गणितात असुरक्षित ठरतं. पण चार धडधाकट माणसांचं घर दोन तासांत रिकामं होतं आणि एकट्या सत्तरीच्या बाईचं घर दिवसभर लागला तरी होत नाही. भाड्याची खोली, मोबाइल, दुचाकी यांचंही तसंच. दुचाकी आहे पण ती घेऊन माणूस कामावर गेला आहे, तर घरातल्यांना तिचा उपयोग शून्य.

म्हणून तासांचा हिशोब चांगला. प्रश्न थोडे ठेवा, दहा मिनिटांत उरकले पाहिजेत:

रात्री घरात किती माणसं झोपतात, दिवसा किती असतात? जिना स्वतः उतरू न शकणारं कोणी आहे का? रोज औषध, ऑक्सिजन, डायलिसिस? गरोदर किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ? जनावरं किती? कमावता माणूस दिवसा कुठे असतो, परत यायला किती वेळ? घर स्वतःचं की भाड्याचं, मालकाचा वरचा मजला वापरायला मिळतो का? घरातच धंदा आहे का, म्हणजे शिलाई मशीन, पिठाची गिरणी, पापडाचा माल? जायचं झालं तर कोणाकडे? तिथे किती दिवस राहता येईल? मराठी वाचता येतं का, नसेल तर कोणती भाषा?

शेवटून तिसरा आणि दुसरा प्रश्न फार महत्त्वाचे. "जायचं कोणाकडे" याला ज्यांच्याकडे उत्तर नाही, ते उशिरा निघतात. पैसा असो की नसो.

आरोग्यसेविका

ताई, तुमच्या यादीत आजारी माणसांचा एकच प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे तीन गट करा, कारण तिघांची वेळ वेगळी आहे.

पहिला गट पाणी येण्याची वाट न बघता हलवायचा: डायलिसिसचे रुग्ण, ऑक्सिजनवर असलेले, नववा महिना लागलेल्या बाया. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्याला चार दिवस वेढा पडला तर पाणी घरात न येताही जीव जाऊ शकतो. यांना ३५-३६ फुटांनाच मिरजेकडे किंवा उंच भागात हलवा, केंद्राची वेळ आधी पक्की करा.

दुसरा गट: अंथरुणाला खिळलेले. यांना माणसं लागतात, निदान चार. सतरंजीच्या चार कोपऱ्यांना गाठी मारून उचलणं अरुंद जिन्यावर स्ट्रेचरपेक्षा सोपं जातं. बोटीत आडवं ठेवलं तर तीन माणसांची जागा जाते, हे बोटवाल्याला आधी सांगा. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यामुळे. आडवा रुग्ण, सोबतचा एक आणि वल्हवणारे, बाकी कोणी नको.

तिसरा गट: साखर, रक्तदाब, फिट्स, क्षयरोग, मानसिक आजारांच्या गोळ्या घेणारे. हे चालतात-फिरतात म्हणून कोणी लक्ष देत नाही. गोळ्या मात्र कपाटात बुडतात. जूनच्या सुरुवातीलाच पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स झिपच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवायला सांगा. इन्सुलिनला फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात काही दिवस निघतात. गोठू मात्र द्यायचं नाही, बर्फावर थेट ठेवू नये.

पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोचा (जनावरांच्या, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा) धोका असतो. डॉक्सिसायक्लिन ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी. एकदाच पाण्यात गेलेला, पायाला जखम असलेला आणि रोज पाण्यात काम करणारा, या तिघांचा डोस वेगळा असतो, म्हणून सरकारी दवाखान्यातच घ्या. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यांना दुसरं औषध असतं. बचावकार्यातले तरुण आणि नंतर गाळ काढणाऱ्या सफाई कामगारांचा धोका सर्वांत मोठा, आणि गोळ्या वाटताना नेमके तेच सुटतात.

पिण्याचं पाणी: आधी कापडाने गाळा, मग अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटरला, अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग नाही, क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

गोठा

म्हैसवाल्याला "जीव महत्त्वाचा की जनावर" असं विचारून काही होत नाही. दोन दुभत्या म्हशी म्हणजे त्याची नोकरी, पेन्शन आणि कर्जाचा हप्ता. म्हशींची सोय आधी दाखवा, माणूस आपोआप निघतो.

मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो ओली वैरण, ५ किलोच्या आसपास कडबा आणि ५० लिटरच्या वर पाणी लागतं. पन्नास जनावरांची छावणी म्हणजे रोज टनाच्या आसपास वैरण. पूर आल्यावर ती मिळत नाही, कारण आसपासचं गवत आणि ऊस पाण्यात असतो. वैरणवाल्याशी जूनमध्येच बोलून ठेवावं लागतं.

छावणी माणसांच्या निवाऱ्यापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. दोन वेळा धार काढायची असते. पाच किलोमीटर लांब ठेवली की माणूस गोठ्यातच थांबणार. दूध संकलनाची गाडी तिथे यायला हवी, नाहीतर रोजचं उत्पन्न बंद.

पिकअपमध्ये दोनच म्हशी चढतात आणि चढायला धक्का किंवा मातीचा उतार लागतो. पाण्यात उभी राहिलेली म्हैस गाडीत चढत नाही, म्हणून गल्लीचं तोंड बंद होण्याच्या बरंच आधी. गाभण असेल तर सगळ्यात आधी. काहीच जमलं नाही तर दावं तरी सोडा. बांधलेलं जनावर मरतं, सुटलेलं बऱ्याचदा उंचवटा गाठतं.

कानातला १२ अंकी बिल्ला आणि जनावर एकाच फोटोत घेऊन ठेवा. भरपाईला पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा लागतो आणि वाहून गेलेल्या जनावराचा दुसरा पुरावा नसतो.

वायरमन_पुणे

पुण्यात २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडीत तिघे विजेच्या धक्क्याने गेले. हातगाडी हलवत होते. पाण्यापेक्षा वीज आधी मारते, आणि ती कोणाला मारते बघा: ज्यांचा धंदा हातगाडीवर आहे, ज्यांची वायर खांबावरून खोलीत आणि खोलीतून गाडीपर्यंत ओढलेली आहे.

घरात करायच्या गोष्टी. मीटर आणि मेन स्विच पूरखुणेच्या वर न्यायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो, स्वतः हलवू नका. ते होईपर्यंत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (RCCB, वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा) बसवा, तो जीव वाचवतो. खोल्या भाड्याने देणारा मालक हा खर्च टाळतो, तिथे दहा खोल्यांनी मिळून मागणी करा.

मेन बंद केलं की संपलं असं समजू नका. इन्व्हर्टर चालूच असतो. बॅटरी जमिनीवर आणि पाणी त्यात, हा प्रकार फार घडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन. हात कोरडे, पायाखाली कोरडी फळी. पाणी स्विचबोर्डला लागलं असेल तर हात लावू नका, खांबावरून पुरवठा बंद करायला सांगा.

पूर ओसरल्यावर लगेच स्विच टाकणं ही दुसरी चूक. बोर्ड उघडून चिखल धुवा, पूर्ण वाळू द्या, मेगरने (वायरमधून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) वायरिंगची चाचणी घ्या. एक मेगाओमपेक्षा कमी आलं तर चालू करू नका. श्रीमंताच्या घरी इलेक्ट्रिशियन येतो. भाडेकरू दुसऱ्या दिवशी मोटर लावतो, कारण त्याला कामाला जायचं असतं. वस्तीत एका मेगरवर एक माणूस दिवसाला बरीच घरं तपासू शकतो, हे काम सामुदायिक करा.

आंबिलओढा

कृष्णाकाठ, तुमची पद्धत मोठ्या नदीला लागू आहे, तिथे दिवस हातात असतात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला त्यात मिनिटं होती. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. तिथे आयर्विन नाही, मोजपट्टी नाही, वरून धरणाचा भोंगा नाही. कात्रजच्या डोंगरावर पाऊस झाला की खाली पाणी आलंच.

ओढ्याकाठी "बाहेर पडायला लागणारे तास" काढून उपयोग नाही, कारण उत्तर सगळ्यांचंच जास्त येणार. तिथे वर चढायची जागा महत्त्वाची: मागच्या बाजूने जिना, शेजारच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली, आणि ती किल्ली रात्री कोणाकडे असते. सोसायट्यांच्या सीमाभिंती तपासा. ओढ्याच्या कडेची, पाणी निघायला भोकं नसलेली दगडी किंवा विटांची भिंत आधी पाणी अडवते आणि मग एकदम कोसळते, ती नेमकी खालच्या झोपड्यांवर. वरच्या सोसायटीने भिंतीला खाली जाळीची भोकं पाडणं हे खालच्या वस्तीच्या जिवाचं काम आहे.

कुर्ला_पश्चिम

मुंबईचं तिसरंच गणित. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७४ च्या आसपास. म्हणजे शहराचा एक आकडा धरून काही कळत नाही. मिठीकाठच्या क्रांतीनगरसारख्या वस्तीत नदीच्या पातळीइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस, म्हणजे पाण्याला समुद्रात जायला वाट नाही. भरतीचं वेळापत्रक वर्षभराचं आधी मिळतं, ते वस्तीतल्या प्रत्येक गल्लीत लावा आणि मोठ्या भरतीच्या तारखांना गोल करा.

निवारा केंद्रांबद्दल बोलायलाच हवं, कारण लोक उशिरा निघण्याचं ते मोठं कारण आहे. आपत्तीतल्या निवाऱ्याचे जागतिक किमान निकष असे: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, आणि बायकांचे संडास पुरुषांच्या तिप्पट. ४५ चौरस मीटरच्या वर्गात हिशोबाने बारा माणसं बसतात. आपण चाळीस कोंबतो. शाळेतल्या मुलांच्या उंचीच्या मुताऱ्यांवर मोठ्या बायकांचे चार दिवस कसे निघणार? तरण्या मुली असलेली घरं त्यामुळेच माळ्यावर बसून राहतात. बायकांच्या वर्गाला आतून कडी, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा, सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला झाकणाचा डबा, एवढं असेल तर त्या कुटुंबांचे तास निम्म्यावर येतात.

शनिवारातला

सगळे मुद्दे मान्य, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घालत नाही. निळ्या रेषेच्या आत राहूच नये. पुनर्वसन हाच उपाय.

पंचनामा

शनिवारातला, रेषांचा अर्थ आधी लिहितो. २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा त्याची निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मधला नियंत्रित.

निळ्या रेषेच्या आत परवानगी मिळत नाही म्हणून वस्ती उठत नाही, ती फक्त बेकायदा होते. बेकायदा घराला कर्ज मिळत नाही, म्हणून जोतं उंच होत नाही, वरचा मजला पक्का होत नाही. दर पुरानंतर तोच पत्रा पुन्हा उभा राहतो. भाडं कमी आहे आणि बाजार, हमाली, धुणीभांडी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत म्हणून लोक तिथे आहेत. पुनर्वसनाचं घर कामापासून आठ किलोमीटर लांब दिलं तर ते भाड्याने जातं आणि कुटुंब परत नदीकाठी येतं. पुनर्वसन जरूर व्हावं, पण बसचं भाडं आणि कामाचं अंतर धरून. आणि ते होईपर्यंतचे पावसाळे कसे काढायचे, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

आता भाडेकरूंचं. मदत घरात राहणाऱ्याला मिळाली पाहिजे, पण पंचनाम्याच्या वेळी दारात मालक उभा असतो. बहुतेकांकडे भाडेकरार नसतो. पर्यायी पुरावे आधीच गोळा करा: गॅसचं पुस्तक, मुलाच्या शाळेचा बोनाफाइड, त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड किंवा बँक पासबुक, दोन शेजाऱ्यांचा लेखी जबाब. आधारशी जोडलेलं खातं चालू आहे का ते मे महिन्यात बघा. बंद पडलेल्या खात्यामुळे रक्कम परत जाते आणि मग तलाठी कार्यालयाच्या चकरा सुरू होतात.

२०१९ च्या पूरमदतीच्या शासन निर्णयात दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. अशी अट पुन्हा आली तर सिद्ध कसं करायचं? पाणी आलं त्या दिवशी आणि ओसरलं त्या दिवशी, दोन्ही वेळा फोटो काढा. दारावरचा घर क्रमांक आणि पाणी एकाच फोटोत हवं, फोनमध्ये तारीख-वेळ चालू ठेवा. गाळ काढण्यापूर्वी सामानाचे फोटो. साफसफाई आधी उरकली तर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. आणि रोगराईमुळे ती थांबवताही येत नाही, म्हणून फोटो हाच आधार.

रोडलेव्हल

एक मुद्दा कोणाच्या लक्षात येत नाही. जुना थर न खरवडता डांबराचा नवा थर दिला की रस्ता दर वेळी दोन-तीन इंच चढतो, काँक्रीट केलं तर सहा ते नऊ इंच. ऐपत असलेला माणूस जोतं उचलून घेतो. बाकीच्यांच्या घरात पावसाचं साधं पाणीही रस्त्यावरून उतरतं, मग पूर नसतानाही ती घरं भिजतात. निविदेत "जुना थर खरवडून" हे शब्द आहेत का ते कामाआधी बघा आणि नसतील तर लेखी हरकत द्या. झालेल्या रस्त्यावर तक्रार करून काही होत नाही.

लेव्हलबुक यांना विनंती, रस्ता झाला की गल्लीच्या तोंडाची पातळी पुन्हा घ्यावी लागते, हे तुमच्या पद्धतीत लिहा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून एका घराचा हिशोब मांडतो, आकडे नमुन्याचे आहेत.

दुपारचे चार. आयर्विन ३९ फूट, गेल्या तीन तासांची चढ ताशी ३ इंच. गल्लीचं तोंड ४३ फूट ८ इंच. फरक ५६ इंच, म्हणजे १८ तास ४० मिनिटं. पण चढ वाढू शकते. २०२१ ला पाणी २०१९ पेक्षा झपाट्याने चढलं. म्हणून एक तृतीयांश कापा: साधारण १२ तास, पहाटे चारपर्यंत. रात्री दहानंतर अंधारात म्हाताऱ्यांना आणि जनावरांना हलवायचं नाही. म्हणजे खरे हातात असलेले तास सहा.

कुटुंब: सासू अंथरुणावर, दोन म्हशी, नवरा कुपवाडला कारखान्यात. नवरा येईपर्यंत २ तास, म्हशींना गाडी मिळून छावणीत पोहोचायला ४, सासूला उचलायला माणसं जमवून १, सामान वर ठेवायला २. एकामागून एक केलं तर नऊ. हे घर लाल.

आता यात काय बदलता येतं ते बघा. म्हशींची गाडी आधी ठरलेली असेल तर ४ चे २ होतात. चार शेजारी नेमलेले असतील तर सासू नवऱ्याची वाट न बघता निघते आणि सामानही नवरा येईपर्यंतच्या दोन तासांतच वर जातं. बेरीज चारवर येते. घर तेच, उंबरा तोच, पैसाही वाढलेला नाही.

कोयनेच्या बातम्यांबद्दलही सांगतो. पायथा वीजगृहातून २१०० क्यूसेक सोडले म्हणून घाबरायचं कारण नाही. सहा वक्र दरवाजे किती फुटांवर गेले आणि विसर्ग किती झाला ते बघा. पाणी इथे यायला साधारण एक ते दीड दिवस लागतो. पण मधल्या खोऱ्यात पडणारा पाऊस धरणाच्या हिशोबात नसतो, तो आधी पोहोचतो.

पेठेतली

यादीबद्दल एक काळजी. एकट्या बाया, आजारी माणसं, रिकामी होणारी घरं यांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली तर चोराला पत्ताच दिल्यासारखं. चोरीच्या भीतीने घरातला एक जण मागे राहतोच, त्यात अशी यादी फिरली तर आणखी राहतील.

आकडेमोड

बरोबर आहे, ताई. दोन याद्या करा. पहिलीत फक्त घर क्रमांक, गल्लीच्या तोंडाची पातळी आणि लागणारे तास, ती बोट आणि गाडीवाल्यांना द्या. दुसरीत नावं आणि आजार, ती कागदावर, दोनच प्रतींत, आशाताई आणि गल्लीतला एक विश्वासू माणूस यांच्याकडे. दारावर कसलीही खूण करू नका. घर रिकामं केल्यावर पोलिसांच्या गस्तीच्या बोटीला फक्त गल्लीचं नाव कळवा.

यादी मे अखेर तपासा, कारण शाळा सुरू होण्याआधी खोल्या बदलतात, आणि जुलैच्या मध्यात भाडेकरूंपुरती पुन्हा एकदा.

हरिपूररोड

आमच्याकडे २०१९ ची खूण आणि २०२१ ची खूण यांत अडीच फुटांपेक्षा बराच कमी फरक येतोय. मोजण्यात चूक आहे की काय?

लेव्हलबुक

चूक असेलच असं नाही. तुमच्याखाली हरिपूरला वारणा मिळते. वारणेला मोठा पूर असेल तर कृष्णेचं पाणी तिथे तुंबतं आणि आयर्विनला आकडा कमी असतानाही तुमच्याकडे पाणी वर राहतं. तुम्ही एक आकडा धरू नका. दोन्ही खुणांवरून उंबऱ्याची पातळी काढा आणि जो आकडा लहान येईल तोच यादीत लिहा. नळीचा फेरा मात्र पहिल्या खुणेवर जुळतोय ना, तेवढं एकदा बघून घ्या.